मारेकऱ्यांची नियमावली

मुद्रितशोधनाच्या कामाची एक खोड अंगाला चिकटते. शब्द कळला तरी नजर त्याच्या शेपटाशी घुटमळत राहते. शेतकरी, वारकरी, गावकरी, कष्टकरी. आणि याच पंगतीत, सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला मारेकरी. 'खुनी' म्हटलं की एखादी रात्र डोळ्यांसमोर येते, डोक्यात गेलेला राग, हाताला लागलेली कुऱ्हाड. 'मारेकरी' म्हटलं की धंदा दिसतो. माणूस सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन कामाला निघाला असावा. त्याला कुणीतरी पाठवलेलं असतं, त्याचा हिशेब कुठेतरी मांडलेला असतो. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांवर धावून गेलेले गारदीसुद्धा थकलेल्या पगाराचं निमित्त करूनच आत शिरले होते.

हे सगळं डोक्यात यायला कारण झाला माझा भाचा. अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आला आणि चार दिवस हॉलमधल्या टीव्हीसमोरून हलला नाही. व्हिडिओ गेममधला, टोपडं डोक्यावर ओढलेला एक माणूस मनोऱ्यावरून गवताच्या गंजीत उडी मारत होता, गर्दीत मिसळत होता आणि मनगटात लपवलेलं पातं काढून कुणाकुणाला संपवत होता. मी फराळाचं ताट ठेवता ठेवता म्हटलं, "किती माणसं मारतोस रे सणासुदीची!" तर मागे न बघता म्हणाला, "मावशी, ते उगाच कुणालाही मारत नाहीत. त्यांचे नियम असतात."

आणि त्यानं नियम सांगितले. निष्पापाच्या अंगावर शस्त्र चालवायचं नाही. गर्दीत असून दिसायचं नाही. आपल्या लोकांना धोक्यात घालायचं नाही. तिन्ही नियम त्याला तोंडपाठ होते. आवर्तसारणीतली पहिली वीस मूलद्रव्यं होती की नाही, ते मी विचारलं नाही.

मला हसू आलं, कारण असे नियम मीही एकदा लिहिले आहेत.

मिरजेला आजोळी आम्ही सहा भावंडं मे महिन्यात जमायचो. शेजारी एक तात्या राहायचे. अंगणात गेलेला चेंडू ते परत द्यायचे, पण विळीवर मधोमध चिरून. तिसरा चेंडू चिरला गेला त्या दुपारी माडीवर आमची गुप्त मंडळी स्थापन झाली. उद्देश एकच, तात्यांचा सूड. पद्धत ठरली, चपला विहिरीत. मग मामेभाऊ म्हणाला, "असं कसं? आधी नियम पाहिजेत." रफ वहीच्या मागच्या पानापासून उलटे नियम लिहायला घेतले. तात्या जेवायला बसले असतील तर हल्ला करायचा नाही. आजारी असतील तर मुदत वाढवून द्यायची. काकूंच्या चपलांना हात लावायचा नाही, कारण काकू लोणच्याच्या फोडी देतात. फितुराला आठ दिवस पत्त्यांत घ्यायचं नाही. अकरा नियम झाले. बाराव्यावर भांडण लागलं ते मिटेपर्यंत वळीव आला आणि आम्ही आपापल्या गावी परतलो. तात्यांच्या चपला शेवटपर्यंत कोरड्या राहिल्या. आता वाटतं, आम्हाला चपला बुडवायच्याच नव्हत्या. आम्हाला चपला बुडवू शकणारे, तरीही न्यायानं वागणारे लोक व्हायचं होतं.

लग्नानंतर काही वर्षं लालबागला चाळीत काढली. तिथे हाच खेळ मोठी माणसं खेळत. पहिल्या मजल्यावरचे एक काका गिरणी बंद पडल्यापासून कठड्याला टेकून असत, आणि शहरातल्या टोळ्यांची त्यांना घरच्यासारखी माहिती असे. निदान ते तसं सांगत. "एकदा सुपारी घेतली की घेतली. शब्द म्हणजे शब्द. आणि बायकापोरांना हात लावणार नाहीत, लिहून घ्या." मी तेव्हाही सुपारी या शब्दावर अडकले होते. लग्नाची सुपारी फुटते, तमाशाच्या फडाला सुपारी देतात, बँडवाला सुपारी घेतो. ठरलेल्या कामाची, दिलेल्या शब्दाची ती खूण. तिचा रस्ता गोळीपर्यंत कसा गेला, कोण जाणे. पण त्या शब्दातला सचोटीचा वास खुनालाही लागला, हे खरं. काकांच्या बोलण्यात भीती होतीच. फक्त त्यांनी तिला नियमांचं कुंपण घातलं होतं. आपण कुणाचं घेतलेलं नाही, आपण बायकापोरांतले, म्हणजे आपल्यापर्यंत कुणी येणार नाही.

१२ मार्च १९९३ ला दुपारी शहरात ठिकठिकाणी स्फोट झाले. २५७ माणसं गेली. त्यात बायका होत्या, पोरं होती, बस थांब्यावर उभे असलेले होते. काका त्यानंतरही कठड्याला टेकून उभे राहत, पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही विचारलं नाही.

वाटसरूंचा गळा आवळून त्यांना लुटणाऱ्या ठगांच्या बाबतीत हेच जरा वेगळ्या अंगानं दिसतं. १८३० च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या, त्यात कुणाला मारायचं नाही याची भली मोठी यादी आहे. बाई, फकीर, तेली, धोबी, गंगेची कावड नेणारा, अपंग. शिवाय कोल्हेकुई कुठल्या बाजूनं आली, घुबड कधी बोललं, असे शकुन. मजा अशी की यादी सांगणारे बहुतेक जण माफीचे साक्षीदार होते आणि त्यांनी ती मोडलेलीही होती. फिरंगिया नावाच्या म्होरक्यानं तर वाटेत भेटलेल्या एका देखण्या मोगल बाईच्या खुनाची हकिकत सांगितली आहे. तिनं त्यांची पाठ सोडली नाही, म्हणून मारली. आमचे नियम आम्ही मोडले म्हणून देवी कोपली आणि आम्ही पकडलो गेलो, असं ते म्हणत. म्हणजे नियमांचा उपयोग खून थांबवायला झाला नाही, अटकेचं कारण सांगायला झाला. या जबान्यांत किती ठगांचं आणि किती लिहून घेणाऱ्या साहेबांचं, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. त्या काळी ठगांवर कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर पुढे आपल्या नळदुर्गात अधिकारी होता. किल्ल्यात फिरायला जाणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना हे ठाऊक असतं.

पण भाच्याच्या त्या टोपडेवाल्यांचं मूळ ठगांत नाही. ते आहे इराणच्या उत्तरेला, अल्बोर्झच्या डोंगरांत, कझवीन शहराच्या वरच्या अंगाला, अलमूत नावाच्या किल्ल्यात. मी दिवाळीनंतरचे दोन महिने रात्री त्याच किल्ल्यावर होते म्हणा ना.

१०९० साली हसन सब्बाह या माणसानं अलमूत घेतला, आणि तोही लढाई न करता. आपली माणसं हळूहळू किल्ल्यात पेरली, स्वतः वेगळ्या नावानं आत येऊन राहिला, आणि एक दिवस किल्लेदाराला उमगलं की गडावर आपलं ऐकणारं कुणी उरलेलं नाही. मग त्याला ३,००० दिनारांची हुंडी देऊन वाटेला लावलं, असं इराणी बखरकार सांगतात. गड फितवून घेणं आपल्याला नवं नाही. किल्लेदाराला किंमत चुकती करणं मात्र मला नवं होतं.

हसन इस्माइली होता. शिया पंथातली ही एक शाखा, आणि भोवती सेल्जुक सुलतानांचं अफाट सुन्नी राज्य. १०९४ मध्ये इस्माइलींचा इमाम, म्हणजे धर्मप्रमुख, असलेला कैरोचा फातिमी खलिफा वारला आणि इस्माइलींमध्येच गादीवरून फूट पडली. थोरला मुलगा निझार की धाकटा मुस्तअली? हसन निझारच्या बाजूनं राहिला. मुंबईत खोजे आणि बोहरी गल्लीआड गल्लीला दुकानं लावून बसलेले दिसतात, त्यांच्या धर्माच्या वाटा नऊशे वर्षांपूर्वी या भांडणात वेगळ्या झाल्या. आगाखानांना मानणारे खोजे निझारी, बोहरी दुसऱ्या बाजूचे.

मूठभर लोक, डोंगरातले किल्ले, समोर खडं सैन्य. अशा वेळी हसनच्या माणसांनी जे हत्यार निवडलं त्यानं त्यांचं नाव झालं आणि वाटोळंही झालं. १०९२ मध्ये सेल्जुकांचा बलाढ्य वजीर निझामुल्मुल्क सुफी फकिराच्या वेषात आलेल्या माणसाच्या सुऱ्याला बळी पडला. पुढे सरदार, काझी, वजीर, एकेक करून गेले. मारणारा फिदाई. दुसऱ्यासाठी जीव ओवाळून टाकणारा. आपण मराठीत पैठणीवर फिदा होतो, गाण्यावर फिदा होतो. तोच हा शब्द, फक्त तिथे तो शब्दशः खरा होता. फिदाई बहुधा सुरा वापरायचा, जवळ जाऊन, कित्येकदा भर मशिदीत शुक्रवारच्या गर्दीत, आणि पळून जाण्याची आशा न ठेवता. एक माणूस मारायचा म्हणजे सैन्य मारावं लागत नाही, असा हिशेब. हसनच्या ३४ वर्षांच्या कारकिर्दीत अशा हत्यांची नोंद पन्नासच्या आसपास आहे.

हा आकडा मी दोनदा तपासला. मला शेकडोंची अपेक्षा होती. उलट बाजूचा हिशेब मात्र कुणी फारसा सांगत नाही. एखादी हत्या झाली की गावातल्या इस्माइलींवर जमाव तुटून पडे. १११३ मध्ये अलेप्पोत, ११२९ मध्ये दमास्कसमध्ये कत्तली झाल्या. दमास्कसमध्ये हजारो माणसं मारली गेली. त्या मारणाऱ्यांना कुठल्या भाषेत खास नाव पडलेलं नाही.

खुद्द हसन कसा होता? अलमूतमध्ये शिरला तो मरेपर्यंत, म्हणजे ११२४ पर्यंत, खाली उतरला नाही. घराबाहेर फक्त दोनदा पडला, तेही गच्चीवर जायला, असं लिहून ठेवलंय. वेढ्याच्या दिवसांत बायको आणि मुली दुसऱ्या किल्ल्यावर पाठवल्या आणि त्यांनी सूत कातून पोट भरावं असा निरोप दिला. दोन मुलगे होते. एकावर खुनाचा आळ आला, त्याला मृत्युदंड. आळ खोटा होता हे मागाहून कळलं. दुसरा दारू प्यायला, त्यालाही तीच शिक्षा. गडावर कुणी बासरी वाजवली म्हणून त्याला हाकलून दिलं. मारेकऱ्यांची नियमावली शोधायला गेले आणि हाताशी लागला हा माणूस, ज्याचे नियम आधी घरातल्यांवर पडले. मला तो आवडला नाही. त्याच्यावर कुणी खेळही काढणार नाही. सूत कातणाऱ्या बायकोचं पात्र कोण घेणार?

मग या मारेकऱ्यांच्या गोष्टीत हमखास सांगतात ती स्वर्गासारखी बाग कुठून आली? नशा, हुऱ्या, मधाचे पाट?

मार्को पोलोनं आणली. निदान तिला जगभर तोच घेऊन गेला. त्याची गोष्ट अशी, की डोंगरातला म्हातारा पोरांना गुंगीचं औषध पाजून एका दरीतल्या बागेत नेत असे. तिथे दूध, मध, मद्य आणि पाण्याचे ओहोळ, गाणाऱ्या सुंदर पोरी. काही दिवसांनी पुन्हा गुंगी देऊन बाहेर. मग म्हणायचं, तुला पुन्हा त्या स्वर्गात जायचंय ना? मग अमक्याला मारून ये. गोष्ट फक्कड आहे. मार्कोनं ती १२९८ च्या सुमारास जिनोव्हाच्या तुरुंगात सोबतच्या कैद्याला सांगून लिहवली. मंगोलांनी अलमूत घेतला १२५६ मध्ये. तेव्हा मार्को दोन वर्षांचा होता.

आणि म्हातारा हा सुद्धा भाषांतराचा प्रताप. अरबीत शेख म्हणजे वडीलधारा, मुखिया. सीरियातल्या निझारींचा मुखिया तो 'डोंगरचा शेख'. युरोपी भाषांत शिरताना त्याचा म्हातारा झाला. आमच्याकडे म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला फसवते, त्यांच्याकडे म्हातारा डोंगरात बसून राजांना मारतो. पहाडावरच्या म्हाताऱ्याच्या इशाऱ्यावर पोरं तटावरून उड्या टाकत, असंही युरोपात सांगत. टोपडेवाल्याची गवताच्या गंजीतली उडी बहुधा इथूनच सुटली. ११९२ मध्ये टायर शहरात कॉनराड या क्रुसेडर राजाला साधूच्या वेषातल्या दोघांनी भोसकलं, तेव्हापासून तर युरोपातल्या दरबारांतही सावल्या दिसायला लागल्या.

या बागेवर सगळ्यात चांगला उतारा मंगोलांबरोबर आलेल्या जुवैनी या इतिहासकाराकडे मिळतो. हा इस्माइलींचा कट्टर वैरी, त्यांच्याबद्दल एक बरा शब्द काढत नाही. गड पडल्यावर तो आत जाऊन सगळं बघून आला. त्याला बाग दिसली नाही. दिसली असती तर त्यानं ती चवीनं वर्णन केली असती. त्यानं वर्णन केलंय ते खडकात खोदलेल्या कोठारांचं आणि टाक्यांचं. आपल्या गडांवर पाण्याची टाकी असतात तशी तिथे मधाचीही होती. एकजण ते तपासायला मधात उतरला आणि खोली न कळल्यानं बुडता बुडता राहिला. म्हणजे मध होता. पाटानं वाहत नव्हता, वेढ्यासाठी भरून ठेवलेला होता. स्वर्ग आणि रसद यांत एवढाच फरक पडला.

दुसरं जे त्यानं पाहिलं ते ग्रंथालय. कुराणाच्या प्रती आणि ग्रहतारे मोजायची उपकरणं त्यानं बाजूला काढली. पंथाची पुस्तकं जाळली. स्वतःच हे अभिमानानं लिहून ठेवलंय.

मला वाटतं सगळी गंमत इथे आहे. ज्यांची पुस्तकं जळतात त्यांचे नियम दुसरेच लोक लिहितात. मुळात 'हशिशी' ही शिवी होती, निझारींना त्यांच्या शत्रूंनी दिलेली, 'गंजेडी' म्हणावं तशी. खरंच कुणाला काही पाजत होते याचा तिच्यात पुरावा नाही. १८०९ मध्ये पॅरिसला सिल्व्हेस्टर द सासी या पंडितानं 'असॅसिन', म्हणजे मारेकरी, या युरोपी शब्दाचं मूळ त्या शिवीत दाखवलं. ते बरोबर होतं. पण लोकांनी शब्दाबरोबर गांजाही खरा मानला. १८१८ मध्ये हामर या ऑस्ट्रियन विद्वानानं यांचा अख्खा इतिहास लिहिला, आणि त्यात एक शिस्तबद्ध गुप्त संघटना उभी केली, पायऱ्या, दीक्षा, रहस्यं वगैरे. त्याच्या डोळ्यांसमोर युरोपातल्या गुप्त मंडळ्या होत्या, फ्रेंच राज्यक्रांतीची धास्ती होती. पुढे १८८७ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेनं यांच्या तोंडी ब्रीदवाक्य घातलं, काहीच खरं नाही, सगळं चालतं, अशा अर्थाचं. दारू प्यायला म्हणून पोटच्या पोराला मारणाऱ्या माणसाच्या अनुयायांचं म्हणे हे ब्रीद! माझ्याकडे तपासायला आलं असतं तर समासात भलं मोठं प्रश्नचिन्ह काढलं असतं.

इथून गोष्ट मुंबईला येते, आणि मला ती इथे सगळ्यात आवडते.

निझारींचे इमाम पुढे शतकानुशतकं इराणात राहिले. त्यांच्यातले हसन अली शाह, पहिले आगाखान, इराणच्या शहाशी बिनसल्यावर अफगाणिस्तान, सिंध करत १८४० च्या दशकात मुंबईला आले आणि अखेर इथलेच झाले. घोड्यांचे शौकीन. माझगावात हसनाबादला त्यांची कबर आहे. मुंबईतल्या काही खोज्यांना त्यांची सत्ता आणि त्यांना द्यावा लागणारा पैसा मान्य नव्हता. प्रकरण हायकोर्टात गेलं. खोजे मुळात कोण, सुन्नी की इस्माइली, हाच वाद झाला. १८६६ मध्ये न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी निकाल दिला, खोजे इस्माइली आणि आगाखान त्यांचे इमाम. मला हसायला येतं ते याचं, की मिळकतीच्या दाव्यात न्यायमूर्तींना अलमूतपर्यंत चढावं लागलं. कैरोची गादी, निझार, हसन सब्बाह, सगळं त्या निकालात आलं. गोऱ्या वकिलांनी हामर वाचलेला, समोर गादीचा खराखुरा वारस. त्यानं घोड्यांच्या शर्यतीवरून परतताना काय विचार केला असेल?

१९३० च्या सुमारास मुंबईत आणखी एक माणूस आला. व्लादिमीर इव्हानोव, पीटर्सबर्गचा रशियन, क्रांतीनंतर देशाबाहेर राहिलेला. त्यानं पूर्व इराणमधल्या खेड्यांत इस्माइलींशी ओळख केली होती आणि त्याला कळून चुकलं होतं की यांच्याकडे अजून पोथ्या आहेत, फक्त ते दाखवत नाहीत. तिसऱ्या आगाखानांनी त्याला कामाला घेतलं. १९३३ मध्ये त्यानं इस्माइली साहित्याची सूची छापली. १९४६ मध्ये मुंबईतच इस्माइली सोसायटी उभी राहिली. घराघरांतल्या पेट्यांतून, पिढ्यान्‌पिढ्या दडवलेल्या पोथ्या बाहेर आल्या आणि छापल्या जाऊ लागल्या. त्याच्या सोबत्यांत एक होते आसफ फैझी, मुंबईचे कायदेपंडित, स्वतः बोहरी घरातले, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत. त्यांनी आपल्याकडच्या पोथ्या मुंबई विद्यापीठाला देऊन टाकल्या. नऊशे वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन पंथ या कामात पुन्हा एका टेबलाशी बसले. युरोपनं रचलेली मारेकऱ्यांची मंडळी अशी मोडत गेली, आणि तिची मोडतोड मुख्यतः मुंबईत झाली. आपल्याकडे हे कुणी सांगत नाही. फोर्टातून जाताना मी आता राजाबाई टॉवरकडे वेगळ्या नजरेनं बघते, एवढं मात्र झालंय.

पुण्याचाही एक धागा आहे. येरवड्याचा आगाखान पॅलेस आम्हा पुणेकरांच्या शाळेच्या सहलीतला. तिसऱ्या आगाखानांनी तो १८९२ मध्ये बांधला. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी गांधीजींना तिथे डांबलं. महादेवभाई तिथेच गेले, कस्तुरबा तिथेच गेल्या. दोघांच्या समाध्या आहेत आणि गांधीजींच्या अस्थींचा काही अंश. ज्या घराण्याच्या पूर्वजांना युरोपनं मारेकऱ्यांचे म्होरके ठरवलं त्या घराण्याचा हा वाडा. आणि ३० जानेवारी १९४८ नंतर इंग्रजी वर्तमानपत्रांनी तो अलमूतहून निघालेला शब्द ज्याच्यासाठी वापरला, तो माणूस इराणातून आला नव्हता, पुण्याहून गेला होता. त्यानं गोळी झाडण्याआधी हात जोडून नमस्कार केला होता. हा नमस्कार आमच्या शहरात आजही काही जण आवाज खाली आणून, जरा कौतुकानं सांगतात. ऐकताना मला लालबागचे काका आठवतात. 'बायकापोरांना हात लावणार नाहीत' म्हणतानाचा त्यांचा आवाज असाच होता.

आता नियमावलीबद्दल. ती सापडली.

अलमूतच्या काळात निझारींच्या किल्ल्यांत बाहेरचे विद्वानही आश्रयाला येत. त्यात नसिरुद्दीन तुसी होता, गणित आणि खगोल जाणणारा मोठा पंडित. १२३५ च्या सुमारास, पूर्व इराणमधल्या कुहिस्तानच्या इस्माइली सुभेदाराच्या पदरी असताना, त्यानं 'अखलाक-ए-नासिरी' लिहिला. अखलाक म्हणजे नीती, आचार. मन कसं घडवावं, घर कसं चालवावं, राज्य कसं करावं, असे तीन भाग. मंगोल आल्यावर तुसी त्यांच्याकडे गेला, प्रस्तावना बदलून लिहिली, आणि मराग्याला मोठी वेधशाळा उभारली. माणूस व्यवहारी. पुस्तक मात्र टिकलं, इतकं की अकबर बादशहा ते वाचून घेत असे. ज्या किल्ल्यांच्या नियमांवर सातशे वर्षं कल्पना लढवल्या गेल्या, त्यांच्या छत्राखाली लिहिलेले आचाराचे नियम हे असे मुघल दरबारात पोचलेले. मी इंग्रजी भाषांतर मिळवलं आणि थेट मुलांच्या वळणाचं प्रकरण काढलं. का, ते सांगायला नकोच.

संक्रांतीला भाचा परत आला. गुळाच्या पोळ्या होत्या. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातानं पोळी. मी म्हटलं, "तुझ्या त्या लोकांचे खरे नियम मिळाले."

मोबाइल पालथा पडला. "खरे? किती आहेत?"

"खूप आहेत. ऐक. तीनपेक्षा जास्त बोटं भरवायची नाहीत. तोंड फार उघडायचं नाही. मोठा घास घ्यायचा नाही. भराभर गिळायचं नाही. बोटं चाटायची नाहीत."

त्यानं तुपाची बोटं हळूच खाली घेतली.

"दुसऱ्याच्या घासाकडे बघायचं नाही. चांगला पदार्थ थोडाच असेल तर आधी दुसऱ्यांना द्यायचा. दोघं बोलत असतील तर मध्ये तोंड घालायचं नाही. प्रश्न दुसऱ्याला विचारला असेल तर आपण उत्तर द्यायचं नाही."

"मावशी," तो म्हणाला, "हे आईनं लिहून दिलंय ना तुला?"

मी पुस्तक पुढे केलं. त्यानं पान नीट वाचलं, मग मुखपृष्ठ, मग पुन्हा पान, संशयानं, जसं मी एखादं कच्चं मुद्रित वाचते तसं. शेवटी ताटातली उरलेली एक पोळी माझ्याकडे सरकवली आणि वाटीतलं तूप स्वतःकडे ओढलं.

"तुपाबद्दल काही लिहिलंय?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणाला, आणि बोटं चाटली.